आठवं घर

आमच्या गल्लीत एके काळी कुजबुज होती, की मालकीणबाईच्या नावावर सात घरं आहेत आणि आठवं तिने कुठेतरी लपवून ठेवलंय. कुजबुज म्हणजे काय, तर इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून आम्ही मोठमोठ्याने बोलायचो, तिला कुजबुज म्हणायचं. पहिल्यांदा हे कोण बोललं, ते आता कोणी कबूल करणार नाही. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्या बाकावर तोंडं पाच होती. परमेश्वराला यायला सवड नसायची, म्हणून त्याच्या वाटचं आम्हीच बोलून टाकायचो.

मालकीणबाई हे तिचं नाव नव्हे, ते आम्ही ठेवलेलं. बाई घरं साफ करायची. हातात बादली, खांद्यावर धुतलेल्या चादरींचं गाठोडं आणि कमरेला सात चाव्यांचा जुडगा, प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी म्हण आहे. हिच्या हाती तर संडासाचा ब्रश होता. सकाळी ती समोरून गेली, की इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ओरडायचा, "काय मालकीणबाई, आज कुठल्या महालात मुक्काम?"

"चार नंबरच्या," ती चालता चालताच म्हणायची. "येताय का? न्हाणीघरात गादी घालते तुमच्यासाठी. जाळीत अडकलेले केस काढायला माणूस हवाच आहे."

तोंडाची तिखट होती, पण कामाला वाघीण. अकरा वाजता आधीचे पाहुणे निघणार, दोन वाजता नवे येणार; मधल्या तीन तासांत कधी दोन तर कधी चार घरं लखलखीत करायची. चादर अशी ताणायची की वरून नाणं टाकलं तर उडी मारेल. आणि कचऱ्याच्या डब्यावरून ती माणसं ओळखायची. "तीन नंबरातलं जोडपं मुळीच जोडपं नाही हो," असं एखादं वाक्य बाकावर टाकून ती पुढे जायची, आणि आमचा दिवस सत्कारणी लागायचा.

ही सातही घरं ज्याची, त्याला मी साखरसाहेब म्हणतो. माणूस कधी कोणावर ओरडला नाही, कधी कोणाला 'अरे'सुद्धा म्हणाला नाही. मुंगी चावली तरी तिची विचारपूस करेल असा आवाज. घरं तो एका ॲपवरून द्यायचा. परगावचा माणूस फोनवर फोटो बघतो, दोन-चार दिवसांसाठी घर घेतो, आणि जाताना तारे देतो. पाच तारे मिळाले तर घर यादीत वर, चार मिळाले तर खाली. प्रत्येक पाहुण्यामागे ॲपवाली कंपनी आपला वाटा कापून घेते. एवढाच हा धंदा.

पण फोनवर साखरसाहेबाचा फोटो नव्हता. तिथे मालकीणबाईचा होता.

तो काढला तेव्हा सगळी गल्ली बघायला गेली होती. लेकीचा चांगला पोशाख, साहेबाच्या बायकोचा चष्मा, हातात फुलांची परडी. खाली लिहिलेलं तिच्या लेकीने, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, बाकावर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं: 'मी तुमची यजमान. मला माणसं आवडतात, बाग आवडते आणि प्रवासाची भारी हौस आहे.' हौस कसली, बस थांब्यापलीकडे ती कधी गेली नव्हती. बाई स्वतः पोट धरधरून हसली. मग हळूच म्हणाली, "पण फोटो चांगला आलाय, नाही का?"

चांगलाच आला होता. पाहुण्यांना मावशी आवडतात. साहेब घरी बसून तिच्या नावाने पाहुण्यांना उत्तरं लिहायचा, 'आजच दारात गुलाब लावले, या लवकर.' काही महिन्यांत कंपनीने तिच्या फोटोखाली निळा बिल्ला लावला: भरवशाचे यजमान. तो बिल्ला बाईने लेकीच्या फोनवर किती वेळा पाहिला असेल, त्याला गणती नाही.

त्याच सुमाराला साहेबाने तिला घरी बोलावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि सात कागद पुढे केले. "कामाला येणाऱ्यांची नोंद करावी लागते हल्ली, मावशी. तुमच्याच भल्यासाठी." बाईला वाचता यायचं ते दुकानाच्या पाटीएवढं, पण सही झोकात यायची, शेवटच्या अक्षराला वेलांटी देऊन. ती तिने सात वेळा दिली. शिवाय एक वाक्य साहेबाने तिच्याकडून घोटून घेतलं. त्या इमारतींमध्ये असं रोज नवं माणूस ठेवायला बंदी होती. तेव्हा इमारतीतलं कोणी विचारो की पाहुणा विचारो, 'घर कोणाचं?' म्हटलं, की उत्तर एकच: "माझंच आहे. आपलंच समजा."

सहा वर्षं ती ते म्हणत आली. इतकं गोड, की कधी कधी तिचं तिलाच खरं वाटत असावं.

खरं सांगायचं तर तिचं स्वतःचं म्हणून जे होतं, ते इस्त्रीच्या दुकानामागे होतं. नवऱ्याने मरण्याआधी घेतलेली एक खोली, कागद तिच्या नावाचे. मोरी, एक खिडकी, खिडकीशी लेकीचं शिलाई मशीन. लेक दोन वर्षांपूर्वी सासरहून निघून आली होती, आली तेव्हा तिचा डावा हात गळ्यात होता. जावई दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा बाई दारात आडवी उभी राहिली. "ही खोली माझी आहे. माझ्या दारातून माझ्या लेकीला कोण नेतं बघू!" जावई गेला. दुसऱ्या वेळी जाताना त्याने खोलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "खोली आहे म्हणून ही मिजास."

खरंच होतं त्याचं. खोली होती म्हणूनच.

आता कठड्याकडे येऊ. चार नंबरचं घर पहिल्या मजल्यावर, गॅलरीला लोखंडी कठडा. त्याची एक बाजू भिंतीतून सुटली. बाईने साहेबाला फोन केला. "बरं झालं सांगितलंत, मावशी. पुढच्या आठवड्यात वेल्डर पाठवतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला, पुन्हा पुढचा आठवडा. साहेबाची सक्त ताकीद होती, काही असलं तर फोनवर सांगायचं, लिहून पाठवायचं नाही, मला वाचायला वेळ नसतो. तिसऱ्या फोनला तो म्हणाला, "तोवर एक मोठी कुंडी ठेवा ना आडवी. शोभाही येईल."

तिने कुंडी ठेवली. कपडे वाळवायच्या दोरीने कठडा बांधला. आणि पाटीएवढ्या अक्षरांत स्वतः चिठ्ठी लिहून भिंतीवर चिकटवली: 'टेकू नये.'

चिठ्ठी दोन दिवस राहिली. कुणा पाहुण्याने गॅलरीचा फोटो टाकला, त्यात ती दिसली आणि एक तारा कमी झाला. साहेबाचा फोन आला. "मावशी, ती चिठ्ठी आणि दोरी काढा बघू. घर भिकारी दिसतं. तुम्ही तोंडी सांगत जा ना, तुमच्या तोंडात केवढी गोडी आहे!" तिने दोन्ही काढलं. तोंडी सांगू लागली. मग महिन्याभराने साहेबाने दाराबाहेर आकड्यांची डबी बसवली. आकडे पाहुण्याला फोनवर कळणार, डबी उघडून तो आपल्या हाताने चावी घेणार. "हल्ली पाहुण्यांना मध्ये माणूस नको असतं, मावशी."

झालं. सांगणारं तोंडही गेलं. राहिली ती कुंडी.

एक शाळामास्तरीण बाई थोरल्या बहिणीबरोबर चार दिवसांसाठी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळं ऊन अंगावर घ्यावं म्हणून त्यांनी कुंडी बाजूला सरकवली, तिथे खुर्ची ठेवली आणि मागे रेलल्या. खुर्ची, कठडा आणि मास्तरीणबाई, तिघंही खाली आली. आधी स्कूटर ठेवायच्या शेडच्या पत्र्यावर, तिथून जमिनीवर. जीव वाचला. कमरेचं हाड मात्र असं मोडलं, की पुढे उभं राहून शिकवणं कायमचं गेलं.

मालकीणबाई धावत गेली ती त्यांच्याबरोबर दवाखान्यात पोचली. आठ दिवस रोज जात होती. साहेब एकदाही गेला नाही. त्याने फक्त फोन केला, "मावशी, कामात खंड पडू देऊ नका. तारे टिकले पाहिजेत."

पुढच्याच आठवड्यात एक नंबरच्या घरात एकटा पाहुणा आला. बॅग लहान, बूट चकचकीत. बाई नेमकी चादरी घालायला गेली होती. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला, तिने दिलेला चहा घेतला आणि म्हणाला, "छान घर आहे हो. कोणाचं?"

"माझंच आहे. आपलंच समजा."

"आणखीही आहेत म्हणे?"

"सात आहेत," बाई उशी झटकत म्हणाली. "माणसं आली-गेली की बरं वाटतं."

"सगळं तुम्हीच बघता?"

"मग! माझ्याशिवाय इथली काडीही हलत नाही."

तो पाहुणा नव्हता, कंपनीने चौकशीला पाठवलेला माणूस होता. फोन पालथा होता, पण बंद नव्हता. त्याने तिला पाच तारे दिले हे मात्र मला सांगायलाच हवं. लेकीने तेही बाकावर वाचून दाखवलं होतं.

मास्तरीणबाईंनी दावा लावला. कंपनीवर, साहेबावर आणि यजमान म्हणून मालकीणबाईवर. कागद आला तेव्हा लेक घाबरली. बाई म्हणाली, "साहेब बघतील." आणि साहेबाने बघितलंच! स्वतःचा वकील वेगळा केला आणि हिच्यासाठी दुसरा एक वकील स्वखुशीने दिला. "आपलाच माणूस आहे, मावशी. काळजीचं कारण नाही." त्या आपल्या माणसाने तिला एकच मंत्र दिला: विचारतील त्याला हो किंवा नाही म्हणायचं, रामायण सांगत बसायचं नाही.

कोर्टात बाकावरचे आम्ही तिघं हौसेने गेलो होतो.

कंपनीचा वकील तरणाबांड, बोलणं मऊ. म्हणाला, "आम्ही एक फळा आहोत, मॅडम. घरवाला फळ्यावर लिहितो, पाहुणा वाचतो. पडणाऱ्या कठड्याला फळा कसा जबाबदार?"

न्यायाधीश बाई काही भोळ्या नव्हत्या. "न्हाणीघरात टॉवेल किती असावेत हे तुमचा फळा ठरवतो, असं या कागदात दिसतंय."

"टॉवेलबद्दल आम्ही फक्त सुचवतो, मॅडम."

"आणि कठड्याबद्दल सुचवत नाही?"

"तो सुरक्षिततेचा भाग झाला. तो यजमानाचा. नियमांतच लिहिलंय, आणि यजमानाने ते मान्य केलेत."

"भरवशाचे यजमान हा बिल्ला कोण देतं?"

"संगणक देतो, मॅडम."

मास्तरीणबाई वॉकरला धरून उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "मी त्या बिल्ल्याकडे बघून घर घेतलं होतं. तुमचा एक तरी माणूस ते घर बघायला आला होता का कधी?"

"ते आमचं कामच नाही, ताई," तो अदबीने म्हणाला.

साहेबाच्या वकिलाने ते सात कागद काढले. सातही घरं बाईंना भाड्याने दिलेली. दुरुस्ती, देखभाल, येणाऱ्या-जाणाऱ्याची जोखीम सगळी बाईंकडे. खाली झोकदार सही, वेलांटीसकट. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सात घरं घेणारी बाई स्वतः संडास घासते?"

"कष्टाळू आहेत, मॅडम."

कोर्ट हसलं. आम्हीही हसलो.

मग कंपनीच्या वकिलाने त्या चकचकीत बुटांच्या पाहुण्याच्या फोनवर टिपलेलं बोलणं ऐकवलं. 'माझंच आहे. आपलंच समजा.' तिचाच आवाज, तीच गोडी. बाईने आजूबाजूला असं पाहिलं, की हे कोण बोललं? मग त्यानेच तिला विचारलं, "कठडा सुटलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. तीन महिन्यांपासून. मी तर..."

"हो किंवा नाही," तिचा वकील पुटपुटला.

"हो."

"धोक्याची चिठ्ठी लावली होती?"

"हो."

"ती कोणी काढली?"

बाईने साहेबाकडे पाहिलं. साहेबाने मान तिरकी करून कौतुकाने तिच्याकडे पाहिलं, लहान मूल कविता म्हणताना आपण बघतो तसं. चिठ्ठी तिच्याच हातांनी निघाली होती. आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं. त्या एका घोटलेल्या वाक्याखेरीज.

"मी काढली," ती म्हणाली.

तिच्या वकिलाने उलट एकही प्रश्न विचारला नाही. साहेबाला केलेल्या त्या तीन फोनांचा कागदोपत्री मागमूस नव्हता. निकाल लागला. कंपनी फळा ठरली. साहेब घर देऊन मोकळा झालेला सज्जन ठरला. जबाबदार यजमान. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की या संन्याशाने फाशीचा दोर आधी स्वतः धुऊन इस्त्री करून आणला होता.

बाहेर पायऱ्यांवर मास्तरीणबाईंचं त्यांच्या वकिलाशी चांगलंच वाजलं. "मला हिचं काही नको. आठ दिवस ही माझ्या उशाशी बसली होती. मला ती कंपनी पाहिजे."

"बाई, कंपनी हाताला लागत नाही," वकील म्हणाला. "जे लागतं ते धरायचं. तुमचं औषधपाणी जन्मभराचं आहे. कंबर तुमची मोडलीय, माझी नाही."

मास्तरीणबाई रडल्या. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांना दोष देऊन बघा तुम्ही, मला जमलेलं नाही.

पण धरायचं काय? सात घरं तर हिची नव्हतीच. ती होती साहेबाची, हे आता त्याच सात कागदांवरून शाबीत झालेलं. दुसरं काय आहे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मग एका दुपारी वकिलाचा कारकून हातात शर्ट घेऊन इस्त्रीवाल्याकडे आला. शर्टाला इस्त्री होईस्तोवर बाकावर बसला. म्हणाला, "काय हो, ती मालकीणबाई, सात घरांची?"

"सात?" इस्त्रीवाला कॉलरवर पाणी शिंपडत हसला. "आठवं विसरलात की!"

"आठवं कुठे लपवलंय?"

"लपवलंय कसलं? या भिंतीमागे. कान लावा, लेकीचं मशीन ऐकू येईल."

कारकुनाने खरंच कान लावला. बाकावर आम्ही चौघं होतो. जन्मभर नको तिथे वळवळणाऱ्या आमच्या जिभा त्या दुपारी टाळूला चिकटल्या. शर्ट झाला, कारकून गेला.

पंधरा दिवसांनी जप्तीसाठी खोली मोजायला माणसं आली. एकाने फीत धरली, दुसऱ्याने आकडे लिहिले. मशीन मध्ये येत होतं म्हणून त्यांनी लेकीला ते सरकवायला सांगितलं, तिने सरकवलं. बाई दारात आडवी उभी राहिली. पण या वेळी समोर जावई नव्हता. तो कारकून नम्रपणे म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. दाराची रुंदी घ्यायचीय."

बाई साहेबाकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाला, "फार वाईट झालं हो. मी असतो तर वेळच्या वेळी कठडा करून घेतला असता."

खोली लिलावात निघाली. बातमी जावयापर्यंत पोचली, अशा बातम्यांना पाय असतात. तो आला तेव्हा आवाजही चढवला नाही. रस्त्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "चल." लेकीने आईकडे पाहिलं. आईने दाराकडे पाहिलं. त्याला सील लागलेलं होतं. लेक म्हणाली, "आई, मशीन त्याला उचलता येईल, नाही का?" एवढंच बोलली. गाडीत आधी मशीन चढलं, मग ती.

खोली साहेबाच्या मेहुण्याने घेतली. भिंती रंगवल्या, मोरीला फरशी लावली, खिडकीला पडदा आला. आता ती ॲपवर आहे: 'शांत गल्लीतलं छोटंसं घरकुल.' फोटोत यजमान म्हणून एक दुसरीच मावशी हसते, हातात तीच परडी. जुन्या यजमानाला कंपनीने काढून टाकलं. नियमाप्रमाणे तिचा भरवसा उरला नव्हता.

बाई मात्र कामावर आहे. दुसरीकडे जाणार कुठे? साहेबाने मोठ्या मनाने चार नंबरच्या घरातली चादरी ठेवायची कोठडी तिला झोपायला दिली आहे, पाहुणे असतील तेव्हा आवाज करायचा नाही या अटीवर. चार नंबरच्या गॅलरीला नवा कठडा आहे. दावा लागला त्याच आठवड्यात वेल्डर आला होता. जुडग्यात आता आठ चाव्या आहेत. आठवीला तिने दोरा बांधलेला नाही, ती तशीच ओळखू येते. इस्त्रीच्या दुकानामागची खोली झाडायला ती आठवड्यातून तीनदा येते. इस्त्रीवाला आता तिला हाक मारत नाही. कचऱ्याच्या डब्यात काय सापडलं ते आम्हाला आता कळत नाही.

त्या कुजबुजीचं म्हणाल, तर सात घरं साखरसाहेबाची होती. आठवं तिचं होतं. ते तिने लपवलेलं नव्हतं. पत्ता आम्ही सांगितला.